चेसिस सरळ आहे का?

नेकनूरच्या आठवडी बाजारात बैल घेणारा माणूस आधी दात बघतो. दोनदाती, चारदाती की जुळलेला हे कळलं की खूर, खांदा, डोळे तपासतो आणि शेवटी बैल चालवून दाखवायला सांगतो. बैल पायात अधू असेल तर दहा पावलांत कळतं, विकणारा कितीही बोलका असला तरी. याच माणसाने पुढच्या महिन्यात जुनी पिकअप घ्यायचं ठरवलं की त्याची ही सगळी पारख लुळी पडते. तो बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, टायरची नक्षी बघतो, रंगावरून बोट फिरवतो आणि विचारतो, "मामा, गाडी ठोकलेली नाही ना?" उत्तर ठरलेलं असतं. "नाही ओ मालक, मागच्या कोपऱ्याला जरासं टचिंग झालंय, बस." चहा येतो, सौदा होतो. ज्या सांगाड्यावर इंजिन, चाकं, हौदा आणि आतली माणसं पेललेली असतात त्या चेसिसकडे कोणी बघत नाही. बघितलं तरी उपयोग थोडाच, कारण गाडीचा स्वभाव बिघडवायला पुरेसा असलेला काही मिलिमीटरचा फरक नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

नेकनूर हे बीड तालुक्यातलं मोठं बाजारगाव. धुळे–सोलापूर महामार्गावर मांजरसुंब्याला वळलं की केज-अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागतं. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५४८-डी चा भाग आहे. मांजरसुंब्याचा घाट, कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जाणारी वाहनं, बाजाराच्या दिवशी हौद्यात माणसं आणि जनावरं भरून येणाऱ्या गाड्या असं सगळं या पट्ट्यात एकाच डांबर-सिमेंटवर चालतं. बीड शहराला प्रवासी रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोपर्यंत जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाहून कुठेही जायचं तर रस्ता हाच मार्ग होता, आणि नेकनूरसारख्या गावांना तो आजही तसाच आहे. हंगाम जवळ आला की ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याची तयारी चालू होते. मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात जाणारी कुटुंबं ट्रकमध्ये नाही तर दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे बसतात. त्यातली बरीच वाहनं दुसऱ्या-तिसऱ्या हातातली असतात. त्या वाहनाचा आधी कुठे, कसा अपघात झाला होता, हे त्यात बसणाऱ्याला विचारायचा अधिकारही नसतो.

गाडीचा सांगाडा दोन तऱ्हेचा. बोलेरो, स्कॉर्पिओ, पिकअप, ट्रक यांच्या खाली शिडीसारखी चेसिस असते: दोन लांब पोलादी चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. वरची बॉडी या शिडीवर बोल्टांनी बसवतात. आपल्या बहुतेक छोट्या मोटारींना मात्र वेगळी चेसिस नसतेच. पत्र्याचे दाबून घडवलेले भाग हजारो स्पॉट वेल्डनी जोडून जी पेटी तयार होते तीच सांगाडा, तीच बॉडी. याला मोनोकॉक म्हणतात. आकुर्डीला बनणारी जुनी बजाज चेतक याच घराण्यातली. तिचा पत्रा निव्वळ झाकण नव्हता, भार त्यानेच उचललेला असायचा. म्हणून चेतक आपटली की नुसतं पत्राकाम करून भागत नसे, आणि एका अंगाला ओढणारी चेतक मालकाचा पिच्छा वर्षानुवर्षं सोडत नसे. अशी स्कूटर चालवलेल्या पिढीला वाकलेल्या सांगाड्याबद्दल फार समजावून सांगावं लागू नये.

डेंटिंगच्या धंद्यातली जाणती माणसं सांगाड्याची मोडतोड पाच प्रकारांत ओळखतात. पुढून तिरका मार बसला की चेसिसचं नाक डावी-उजवीकडे सरकतं. समोरासमोर धडक बसली की चॅनेल आखडतो, लांबी कमी होते. वरून-खालून ताण आला की मधला भाग बसतो किंवा उचलला जातो. बोनेट आणि दाराच्या फटी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद दिसू लागतात त्या यामुळेच. एका कोपऱ्यावर जोराचा मार बसला की एक चॅनेल दुसऱ्याच्या मागे सरकतो आणि शिडीचा आयत तिरपा होऊन शंकरपाळ्याच्या आकाराला येतो. हा प्रकार मुख्यतः शिडीच्या चेसिसमध्येच होतो. पाचवा पीळ. गाडी उलटली किंवा एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दुभाजकावर अशी अडकली की एक कोपरा वर, त्याच्या तिरका कोपरा खाली जातो. पीळ सगळ्यात फसवा, कारण गाडी सरळ उभी असल्यासारखीच दिसते. एका अपघातात यातले दोन-तीन प्रकार एकत्रही येतात.

वाकलेला सांगाडा चालीत कळतो, पण उशिरा. मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत न धावता एका अंगाला सरकून धावतात आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी पळते. स्टिअरिंग सोडलं की एकीकडे जाते. अलाइनमेंट करून आणली तरी महिन्याभरात टायर एकाच कडेने झिजतो. आपल्याकडे बहुतेक वेळा दोष टायरच्या कंपनीला किंवा अलाइनमेंटवाल्या पोराला दिला जातो. तो बिचारा टाय रॉड फिरवून पुढच्या चाकांची रेषा जुळवू शकतो. चाकं ज्यावर बसवली आहेत तेच हललं असेल तर त्याने काय करायचं?

चालीपेक्षा गंभीर प्रश्न पुढच्या अपघाताचा आहे. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांना १९५२ मध्ये एका कल्पनेचं पेटंट मिळालं: गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरडणारा ठेवायचा, मधली माणसांची खोली कडक ठेवायची. १९५९ पासून ती मर्सिडीजच्या मोटारीत आली आणि पुढे सगळ्या जगाने उचलली. धडकेची ताकद कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने पत्रा दुमडून जिरवायची हे आता कारखान्यात आधीच ठरलेलं असतं. पुढच्या चॅनेलवर त्यासाठी ठरावीक जागी खाचा आणि वळ्या दिलेल्या असतात. एकदा दुमडून पुन्हा ताणून सरळ केलेला चॅनेल दुसऱ्या धडकेत त्याच क्रमाने दुमडेलच याची खात्री कोण देणार? एअरबॅग कधी फुगवायची हे ठरवणारं यंत्र धडकेचा वेग किती झपाट्याने उतरतो यावर निर्णय घेतं, आणि वेग कसा उतरणार हे त्या चॅनेलवर ठरतं. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. म्हणजे त्यानंतरच्या ज्या मोटारी आज जुन्या बाजारात येत आहेत, त्यांच्या पत्र्याशी एअरबॅगचा हिशेबही बांधलेला आहे.

नव्या गाडीच्या बाबतीत हा हिशेब फार काटेकोर होतो. समोरून अंशतः आणि बाजूने बसणाऱ्या धडकेच्या चाचण्या ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या मोटारींना लागू झाल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची तारांकन योजना सुरू झाली. तिचा कारभार पुण्याची केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था, सीआयआरटी, बघते. या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. धडकेआधी आणि धडकेनंतर सांगाड्याचे ठरलेले बिंदू मोजतात आणि फरक मिलिमीटरमध्ये लिहितात. पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था १९६६ पासून आहे, अहिल्यानगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही तशीच संस्था आहे, संभाजीनगरच्या वाळूजला आणि शेंद्र्याला वाहनांचे मोठे कारखाने आहेत. नेकनूरपासून यातलं फार लांब काहीच नाही. गाडी जन्माला येताना तिचा सांगाडा केसाच्या जाडीपर्यंत मोजणारी यंत्रणा आपल्या आसपासच आहे. पण हीच गाडी एकदा रस्त्यावर आपटली की तिचं मोजमाप बहुधा डेंटरच्या नजरेवर येतं.

त्या नजरेला मी कमी लेखत नाही. जुन्या मिस्त्रींची पद्धत अशी: गाडी सपाट जमिनीवर चार घोड्यांवर उभी करायची. चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या जुळ्या छिद्रांतून ओळंबा सोडायचा, तो जिथे टेकेल तिथे खडूने खूण करायची. मग गाडी बाजूला काढून जमिनीवरच्या खुणांमध्ये सुतळी ताणायची. डाव्या पुढच्या खुणेपासून उजव्या मागच्या खुणेपर्यंतचं तिरपं माप आणि उलटं तिरपं माप सारखं आलं तर शिडी काटकोनात आहे. नाही आलं तर कोणता चॅनेल किती मागे गेला हे लगेच दिसतं. घर बांधताना गवंडी पाया आखतो त्याच भूमितीवर हे चालतं आणि नीट केलं तर चांगलं चालतं. ट्रकच्या चेसिसवर अशी मापं घेऊन, चेनब्लॉक आणि जॅक लावून गाड्या रस्त्यावर आणणारी माणसं महाराष्ट्रभर आहेत. दोनचाकीच्या बाजूला तर चिमटा आणि चेसिस सरळ करून देणं हा स्वतंत्र धंदा आहे, आणि वाकलेली मोटरसायकल पुन्हा नाकासमोर चालवून दाखवणारे कारागीर तालुक्याच्या गावात सापडतात.

या पद्धतीच्या अडचणी दोन, आणि दोन्ही मोठ्या. ओळंबा टेकतो जमिनीवर, आणि जमिनीवर उंची उरत नाही. शंकरपाळं झालं, नाक सरकलं, लांबी आखडली हे खडूच्या खुणा सांगतात. चेसिस मध्ये किती बसली आणि तिला किती पीळ पडला हे त्या सांगू शकत नाहीत. शिवाय गॅरेजची फरशी स्वतःच सपाट नसते. दुसरं म्हणजे दोन्ही बाजू सारख्या आल्या की मिस्त्री समाधान मानतो. समोरून नाकावर बसलेल्या मारात दोन्ही चॅनेल सारखेच आखडले असतील तर दोन्ही बाजू सारख्या येतात आणि दोन्ही चुकीच्या असतात. मूळ माप किती होतं हे कारखान्याच्या कागदाशिवाय कळायला मार्ग नाही.

लेसर मोजणीने या दोन्ही उणिवा भरून काढल्या. गाडी लिफ्टवर किंवा ओढकामाच्या बेंचवर चढवतात आणि तिच्या पोटाखाली साधारण मध्यभागी एक स्कॅनर ठेवतात. त्यात एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर दोन लेसर किरण सपाटीत गोल फिरत असतात. गाडीच्या तळाला कारखान्याने जागोजागी छिद्रं ठेवलेली असतात; जोडणीच्या वेळी पत्रा नेमका धरता यावा म्हणून ती असतात आणि एका मॉडेलच्या सगळ्या गाड्यांत त्यांची मूळ जागा एकच असते. या छिद्रांत आणि सस्पेन्शनच्या बोल्टांवर लोंबती लक्ष्यं अडकवतात. प्रत्येक लक्ष्यावर किरण परतवणाऱ्या चकाकत्या पट्ट्यांचा वेगळा बारकोड असतो. फिरता किरण लक्ष्यावर पडतो, परत येतो, आणि तो कोणत्या कोनात असताना परत आला हे यंत्र टिपतं. दोन किरणांचे दोन कोन आणि त्यांच्यामधलं ठाऊक असलेलं अंतर एवढ्यावर त्रिकोण पुरा होतो. थिओडोलाइट घेऊन डोंगर मोजणाऱ्यांनी जे गणित दोनशे वर्षांपूर्वी या देशभर वापरलं, तेच इथे गाडीच्या पोटाखाली पुन्हा पुन्हा सोडवलं जातं. प्रत्येक बिंदूची लांबी, रुंदी आणि उंची एकदमच पडद्यावर येते. शेजारी त्या मॉडेलची कारखान्याने दिलेली मापं असतात आणि तिसऱ्या रकान्यात फरक.

अमेरिकेतल्या चीफ कंपनीची यंत्रणा अशा प्रकारची आहे. स्वीडनची कार-ओ-लाइनर सांधे असलेला धातूचा हात बिंदूबिंदूवर टेकवून मोजते, फ्रान्सची सेलेट अनेक दशकं प्रत्येक मॉडेलसाठी पोलादी साचे देत आली. साच्यावर गाडी बसली नाही तर ती वाकलेली. ध्वनिलहरींनी मोजणारी यंत्रंही आहेत. ट्रकसाठी स्वीडनच्याच जोसामची पद्धत वेगळी: चेसिसखाली ठिकठिकाणी मोजपट्ट्या टांगायच्या आणि एका टोकाकडून लेसर सोडून प्रत्येक पट्टीवर तो कुठे पडतो ते वाचायचं.

आकडे कसे वाचायचे हे समजून घ्यायला हवं, कारण फसवणूकही तिथेच होते. समजा, पुढच्या डाव्या चॅनेलच्या टोकावर लांबीत उणे ११, रुंदीत अधिक ६, उंचीत अधिक ४ मिलिमीटर असा फरक आला. म्हणजे टोक ११ मिलिमीटर मागे ढकललं गेलंय, ६ बाहेर सरकलंय आणि ४ वर उचललंय. मोटारींच्या दुरुस्तीत सर्वसाधारणपणे ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतात. पण "मागे" आणि "वर" म्हणजे कशाच्या तुलनेत? त्यासाठी आधी गाडीचा न दुखावलेला भाग पाया म्हणून निवडावा लागतो. बहुधा तो मधला, माणसं बसतात तो भाग असतो. तिथले चार बिंदू धरून संगणक मध्यरेषा आणि पायाची पातळी ठरवतो आणि बाकीचं सगळं त्यावरून मोजतो. त्या चारांतला एकच बिंदू मुळात हललेला असेल तर चांगल्या जागा वाकड्या आणि वाकड्या जागा चांगल्या दिसू लागतात. लक्ष्य शेजारच्या छिद्रात अडकवलं, छिद्रात चिखल राहिला, मॉडेलचं वर्ष चुकीचं निवडलं तरी यंत्र बिनबोभाट आकडा देतं. चुकीच्या हातातला लेसर ओळंब्याहून धोकादायक, कारण त्याच्या आकड्यावर कोणी शंका घेत नाही.

मोजणीनंतर ओढकाम. गाडी बेंचला चार ठिकाणी पकडून जखडतात आणि हायड्रॉलिक टॉवरच्या साखळीने वाकलेला भाग मार बसला त्याच्या उलट दिशेने ओढतात. जो भाग सगळ्यांत शेवटी वाकला तो आधी सरळ करायचा, जो सगळ्यांत आधी वाकला तो शेवटी, असा या कामाचा नियम आहे. ओढताना स्कॅनर चालूच ठेवतात, त्यामुळे टोक किती आलं हे त्याच क्षणी दिसतं. पोलाद हट्टी असतं. साखळी सोडली की थोडं मागे जातं. म्हणून जरा जास्त ओढून सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. हे "जरा" किती, ते ओळखण्यात कारागिराची खरी कसोटी लागते.

इथे आपल्या गॅरेजांची एक जुनी सवय नव्या गाडीला मारक ठरते. चॅनेल जड जातोय असं दिसलं की गॅसची ज्योत लावायची, लाल करायचा आणि ठोकायचा. जुन्या जीपच्या मऊ पोलादाला ते चालून जायचं. आजच्या मोटारींच्या पिलरमध्ये, दाराच्या उंबऱ्यात आणि पुढच्या मजबुतीच्या भागांत उष्णतेवर घडवलेलं अतिताकदीचं पोलाद असतं, काही ठिकाणी बोरॉन मिसळलेलं. ते लाल केलं की त्याची ताकद गेली. माप परत जागेवर येतं, लेसर हिरवा कौल देतो आणि भाग मात्र आतून कामातून गेलेला असतो. असे भाग सरळ करू नका, बदला, असं कारखान्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका सांगतात. म्हणजे लेसर सांगतो ते एवढंच की बिंदू जागेवर आहे. तो तिथे कसा आणला, वेल्ड धरलाय की नाही, बारीक तडा आहे का, आतून गंज चढलाय का, हे त्याला दिसत नाही. विकणाऱ्यांनी "लेसरने तपासलेली गाडी" अशी पाटी लावायला सुरुवात केली तर वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

दुरुस्ती चुकली तर किंमत किती असते याचा एक बोलका खटला अमेरिकेत, टेक्सासच्या डॅलसमध्ये, २०१७ साली निकाली निघाला. गारपिटीत दुखावलेल्या होंडा फिटचं छप्पर एका दुरुस्ती केंद्राने वेल्ड करण्याऐवजी गोंदाने चिकटवलं होतं. हीच गाडी आपल्याकडे जॅझ या नावाने विकली जात होती. पुढे ती जुनी म्हणून एका जोडप्याने घेतली, त्यांना या दुरुस्तीची कल्पना नव्हती. २०१३ च्या डिसेंबरमध्ये अपघात झाला, गाडीचा सांगाडा टिकला नाही आणि दोघंही गंभीर जखमी झाले. ज्युरीने दुरुस्ती केंद्राला ३ कोटी १५ लाख डॉलरची जबाबदारी ठोठावली.

आपल्याकडे असा खटला उभा राहील का? राहणं अवघड, कारण पुरावाच कुठे साठवलेला नसतो. अपघातानंतर विमा असेल तर सर्वेक्षक येतो, फोटो काढतो, कोणते भाग बदलायचे, कोणते दुरुस्त करायचे ते लिहितो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर जात असेल तर ती पूर्ण हानी धरतात आणि मालकाला पैसे देऊन गाडी भंगार म्हणून लिलावात काढतात. भंगार घेणारा ती मोडतोच असं नाही. स्वस्त मजुरीच्या गावात तिला नवा शो, नवा रंग मिळतो आणि ती पुन्हा बाजारात उभी राहते. तिच्या आरसी बुकावर एक अक्षरही बदललेलं नसतं. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर विमा, फिटनेस, कर्जाचा बोजा हे सगळं दिसतं, सांगाड्याला कधी मार बसला होता का हे दिसत नाही.

इतर देशांत हे असंच सोडून दिलेलं नाही. ब्रिटनमध्ये विमा कंपनीने निकालात काढलेल्या पण दुरुस्त करता येणाऱ्या गाड्यांना ऑक्टोबर २०१७ पासून दोन शिक्के बसतात: सांगाडा दुखावला असेल तर 'एस', नसेल तर 'एन'. अमेरिकेच्या राज्यांत अशा गाडीच्या मालकीच्या कागदावरच भंगाराची नोंद होते. मला सगळ्यांत पटते ती जपानची रीत. तिथे जुनी गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्याने दुरुस्तीचा इतिहास सांगणं बंधनकारक आहे आणि त्या इतिहासाची व्याख्या फक्त सांगाड्याच्या भागांपुरती ठेवली आहे. दार बदललं, बंपर बदललं, मडगार्ड रंगवलं तर तो इतिहास धरत नाहीत. चॅनेल, पिलर, तळ यांना हात लावला तर लिहायचं. ग्राहकाला हवी तेवढीच माहिती, आणि व्यापाऱ्यालाही किरकोळ खरचट्याचं ओझं नाही. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी नियम आले, ते एप्रिल २०२३ पासून लागू झाले. गाडी कोणाच्या ताब्यात आहे आणि कोण जबाबदार याची सोय त्यात झाली. सांगाड्याच्या इतिहासाची नाही झाली.

फिटनेसच्या तपासणीत तरी हे पकडलं जाईल अशी आशा काहींना वाटते. माल आणि प्रवासी वाहनांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ही तपासणी लागते. आपल्या राज्यात ती किती कागदी होती हे पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेमुळे उघड्यावर आलं. ब्रेक तपासायला आरटीओकडे २५० मीटरचा चाचणी मार्ग हवा, तो नसेल तर प्रमाणपत्र देऊ नका, इथपर्यंत मुंबई उच्च न्यायालयाला जावं लागलं. आता देशभर स्वयंचलित तपासणी केंद्रांची पद्धत येते आहे. तिथे ब्रेक, हेडलाइट, धूर, चाकांची बाजूची घसर हे यंत्रांनी मोजतात. चाकांच्या घसरीवरून सांगाड्याचा संशय येऊ शकतो, पण चेसिसचे बिंदू मोजणं या यादीत नाही. अपघातग्रस्त वाहन मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ खाली निरीक्षकाकडून तपासलं जातं, तेव्हा प्रश्न असतो अपघाताच्या वेळी ब्रेक चालू होते का, यांत्रिक दोष होता का. गाडी सोडल्यावर ती पुन्हा रस्त्यावर कशी येणार, हा प्रश्न कोणत्याच टेबलावर येत नाही. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्या अपघातांतल्या किती गाड्या दुरुस्त होऊन पुन्हा धावायला लागल्या याचं कोष्टक सरकारी अहवालात नसतं.

ट्रॅक्टरबद्दल थोडं. शेतीच्या ट्रॅक्टरला बहुधा वेगळी चेसिस नसते, इंजिन आणि गिअरबॉक्सची ओतीव घरंच एकमेकांना जोडून त्याचा कणा होतो. ती वाकत नाहीत, तडकतात. वाकते ती ट्रॉलीची चेसिस आणि तिचा हुक. उसाच्या हंगामात क्षमतेबाहेर भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री डुलत जाताना मागून पाहिल्या की त्यांची चाकं एका रेषेत नाहीत हे हेडलाइटच्या उजेडातही कळतं. तिथे लेसर लागत नाही, ओळंबा आणि सुतळी पुरते. तेवढंही हंगामाआधी कोणी करत नाही, आणि यात गरिबीपेक्षा बेफिकिरी जास्त आहे असं माझं मत आहे.

लेसर मोजणीचा महागडा बेंच नेकनूरला यावा अशी माझी मागणी नाही. तो मोठ्या शहरांतल्या अधिकृत दुरुस्ती केंद्रांतही सरसकट नसतो. फरशी आणि छत बसवणारे कारागीर वापरतात ती आडव्या-उभ्या रेषा टाकणारी लेसर लेव्हल मात्र काही हजारांत मिळते. ओळंब्याच्या पद्धतीत हरवणारी उंची ती परत मिळवून देते: गाडीच्या बाजूने एक आडवी रेषा टाकायची आणि जुळ्या छिद्रांचं त्या रेषेपासूनचं अंतर टेपने मोजायचं. ३ मिलिमीटरची हमी यात नाही, पण पीळ आणि बसलेली चेसिस पकडली जाते. तालुक्याच्या आयटीआयमध्ये पत्राकाम आणि मोटार मेकॅनिकच्या मुलांना हे एका दिवसात शिकवता येईल.

मोठं काम कागदाचं आहे, आणि ते सरकार व विमा कंपन्यांनीच करायचं आहे. जिथे विम्याच्या पैशांतून सांगाड्याचं काम होतं तिथे दुरुस्तीआधीची आणि नंतरची मोजणी सक्तीची करावी आणि तिची एक ओळ 'वाहन' या सरकारी प्रणालीतल्या गाडीच्या नोंदीत चढवावी: सांगाडा दुरुस्त, तारीख, केंद्र. जपानसारखी फक्त सांगाड्यापुरती. चोख काम करणाऱ्या गॅरेजला याची भीती वाटायचं कारण नाही. ज्याची गाडी मोजून सरळ केलेली आहे, त्याला ती लपवायची गरज उरणार नाही.

ते होईपर्यंत जुनी गाडी घेणाऱ्याने चार गोष्टी कराव्यात. आधीच्या विमा कंपनीकडे दावा झाला होता का, हे मालकाकडून लेखी घ्यावं. सांगाड्याचं काम झालं असेल तर मोजणीचा कागद मागावा, दुरुस्तीआधीचाही आणि नंतरचाही. गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर चढवून चॅनेलवरचे नवे वेल्ड, ज्योतीचे काळे डाग आणि एकाच भागावरचा ताजा रंग बघावा. आणि शेवटी गाडी ओल्या रस्त्यावर सरळ चालवून मागे उमटलेल्या खुणा पाहाव्यात: मागच्या चाकांची खूण पुढच्यांपेक्षा आत किंवा बाहेर असली तरी चालेल, पण दोन्ही बाजूंना सारखीच असायला हवी. ती एका बाजूला जास्त सरकलेली दिसली, तर विकणारा काहीही सांगो, विसार देऊ नका.